शेरूचा कान

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर आमचा लॅब्राडोर शेरू मला पाहून वेडाच झाला. रोज त्याला तळ्यावर पोहायला न्यायचो. परेडसाठी बूट चमकवणाऱ्या मी त्याचे ओले कान मात्र एकदाही पुसले नाहीत. तो डोके झटकू लागला. मला वाटले, लाडात आलाय. चौथ्या दिवशी कानाला कुबट वास, आत लाली, तपकिरी मळ. मी कापसाची काडी उचलली, आईने हात धरला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "बरे केलेत. कुत्र्याच्या कानाची नळी आत काटकोनात वळते, काडीने मळ आणखी आत जातो. लोंबत्या कानात ओल कोंडते, तिथेच जंतू वाढतात."

थेंब घालताना तो कळवळायचा, पण चावला नाही. औषध संपण्याआधीच माझी सुट्टी संपली. आता रविवारी फोनवर बाबा आधी त्याचीच खबर देतात, "कान पाहिले रे, कोरडे आहेत."