माती उकरणारी माणसं

वेस्टमिन्स्टरचा पूल ओलांडला आणि थेम्सच्या काठाकाठाने दक्षिणेकडे चालू लागले. डाव्या हाताला सेंट थॉमस रुग्णालय, उजवीकडे नदीपलीकडे संसदेची लांबलचक इमारत. पुढे लॅम्बेथ पॅलेसचं विटांचं महाद्वार लागतं आणि त्याला खेटून सेंट मेरीचं जुनं चर्च. १९७२ मध्ये तिथली उपासना थांबली, इमारत पाडायचंही ठरत होतं. पण आवारात ट्रॅडिस्कँट पितापुत्रांची कबर आहे हे रोझमेरी निकल्सन यांनी हेरलं आणि त्यांच्या धडपडीतून १९७७ साली इथे गार्डन म्युझियम उभं राहिलं. इंग्लंडच्या बागांचा इतिहास पाहायचा तर सुरुवात इथूनच करायची, हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

थोरला जॉन ट्रॅडिस्कँट पहिल्या चार्ल्स राजाचा माळी. रोपांच्या शोधात तो रशियापर्यंत जाऊन आला, धाकटा व्हर्जिनियाला गेला. आपल्याकडे गॅलरीतल्या टांगत्या कुंडीतून जांभळ्या-रुपेरी पट्ट्यांची पानं लोंबतात ना, त्या ट्रॅडिस्कँशियाच्या कुळाला नाव मिळालं ते याच घराण्यावरून. कबरीच्या दगडावर मगर, शिंपले आणि पडक्या इमारती कोरल्या आहेत. ती बांधून घेतली धाकट्याच्या विधवेने, हेस्टरने, १६६२ मध्ये. या घराण्याने जमवलेल्या अजब वस्तूंचा संग्रह लोक पैसे देऊन पाहायला येत. नवऱ्यानंतर तो संग्रह तिने सांभाळला. पण इलायस अ‍ॅशमोलने दानपत्र पुढे करून कोर्टात त्यावर हक्क मिळवला. १६७८ मध्ये हेस्टर स्वतःच्या बागेतल्या तळ्यात बुडालेली सापडली. संग्रह ऑक्सफर्डला गेला आणि तिथल्या संग्रहालयाला नाव लागलं अ‍ॅशमोलचं. तो अ‍ॅशमोलही याच चर्चमध्ये पुरलेला आहे. हेस्टरच्या कबरीपाशी मी बराच वेळ उभी होते. मला हा अन्याय वाटतो, आणि साडेतीनशे वर्षं झाली म्हणून तो कमी होत नाही.

शेजारीच कॅप्टन विल्यम ब्लायची कबर. बाउंटी जहाजावरचं बंड प्रसिद्ध आहे. पण त्या जहाजावर ताहितीहून काय चाललं होतं? कोकणात आपण ज्याला नीरफणस म्हणतो त्याची हजारावर रोपं. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोसायला ती हवी होती. १७८९ मध्ये बंडखोरांनी ती समुद्रात फेकून दिली. पुढच्या सफरीत ब्लायने रोपं पोहोचवलीच.

आत अवजारांच्या कपाटांपाशी माझा पाय अडकला. फावडी, कुदळी, छाटणीच्या कात्र्या, नाना आकारांच्या झाऱ्या. त्यात अंगठ्याने चालवायचं एक मातीचं भांडं असतं. बुडाला बारीक भोकं, निमुळत्या गळ्याला वर एकच छिद्र. भांडं पाण्यात बुडवून भरायचं, वरच्या छिद्रावर अंगठा दाबायचा आणि उचलायचं. हवा आत शिरत नाही, म्हणून पाणी गळत नाही. वाफ्यापाशी येऊन अंगठा उचलला की शिवपिंडीवरच्या गळतीसारखी संथ धार लागते. नुकत्या उगवलेल्या रोपाला याहून हळुवार पाणी कोण घालणार? त्याच्या जोडीला काकडी सरळ वाढावी म्हणून वापरायची काचेची नळी. रेल्वेवाल्या जॉर्ज स्टीफन्सनने म्हातारपणी अशा नळ्या करवून घेतल्या होत्या. त्यातलं कौशल्य मान्य करूनही माझं मन त्या मातीच्या भांड्याकडेच परत जात होतं.

तिथून लॅम्बेथ पुलावरून नदी ओलांडली. पुलाच्या टोकांच्या स्तंभांवर अननसासारखी दगडी फळं आहेत. ती ट्रॅडिस्कँटच्या स्मरणार्थ आहेत असं लोक सांगतात. थोडं चाललं की व्हिन्सेंट स्क्वेअर. तिथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं लिंडली ग्रंथालय आहे.

आधी जॉन जेरार्डचा १५९७ चा वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ. त्यातल्या चित्रात जेरार्डच्या हाती एक फुलोरा आहे, तो बटाट्याचा. भाजी म्हणून इंग्लंडात अजून रुळलाही नव्हता, तेव्हा बटाटा असा मानाने छापला गेला.

मग हम्फ्री रेप्टन. बाग आखून देताना तो जमीनदाराला आधीचं चित्र दाखवी, आणि त्यावरची कागदाची झडप उचलली की खाली नंतरची बाग दिसे. १८१६ च्या पुस्तकात त्याने एसेक्समधल्या स्वतःच्याच घरापुढची जागा अशी दाखवली आहे. झडप खाली असते तेव्हा समोर खाटकाचं दुकान आणि कुंपणापाशी एक अपंग भिकारी. झडप वर केली की दुकान वेलींआड, भिकारी गायब. चित्र अतिशय देखणं आहे. मी झडप पुन्हा पुन्हा खाली सोडली, कारण मला तो माणूस पाहायचा होता. सार्वजनिक जागेतला एक पट्टा कुंपणाच्या आत घेऊनच ही शोभा साधली होती.

राजांच्या आणि सरदारांच्या बागांवर ढीगभर लिहिलं गेलं आहे. मला शोध होता तो प्रत्यक्ष माती उकरणाऱ्यांचा. तो सापडला जॉन क्लॉडियस लाउडनपाशी. १८२५ मध्ये त्याचा उजवा हात कापावा लागला; पुढच्याच वर्षी त्याने बागकामाचं मासिक काढलं आणि माळ्यांची तुटपुंजी मजुरी, त्यांच्या राहण्याच्या कोंदट खोल्या, त्यांचं शिक्षण यांवर सतत लिहिलं. त्याची बायको जेन लग्नापर्यंत बागकामात अगदी कोरी होती. नवऱ्याकडून शिकली आणि १८४० मध्ये तिने खास बायकांसाठी पुस्तक लिहिलं. फुलांचं कौतुक नंतर. पहिलं प्रकरण जमीन खणण्याचं. फावडं हातात मावेल अशा बारीक दांड्याचं घ्या, जाड हातमोजे घाला, पायाने दाब देताना पातं पाचरीसारखं जमिनीत शिरतं आणि मग दांडा तरफेचं काम करतो, असं ती नीट समजावते. ताकद कमी असली तरी युक्तीने आणि सावकाश खणता येतं, हे ती ठामपणे सांगते, कारण तिने ते स्वतः केलेलं होतं.