सेंट मेरी बेटावरील दगडी खांब

उडुपीनजीकच्या मलपे बंदरातून नावेने निघाले की थोड्याच वेळात सेंट मेरी बेटे दिसू लागतात. १४९८ साली वास्को द गामा येथे उतरला व त्याने ह्या भूमीस पवित्र मरियेचे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. आम्ही गेलो ते तेथील खडक पाहावयास. पाच-सहा पैलूंचे काळसर खांब एकमेकांस खेटून उभे आहेत. कुणा पाथरवटाने घडवून रचले असावेत असेच वाटते; परंतु मनुष्याचा हात त्यांस लागलेला नाही. भूगर्भातून आलेला तप्त रस निवताना आकसला, त्यास भेगा पडल्या, आणि हे खांब तयार झाले.

ही गोष्ट सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीची. त्याच्याही पूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका मिळून गोंडवन नावाचे एक महाखंड होते. ते फुटत गेले. भारत मादागास्करपासून विलग होऊ लागला, त्या ताटातुटीची खूण म्हणजे हे खांब. त्याच सुमाराचे खडक मादागास्करातही आढळतात.

ह्याचा आपल्या शेताशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध निकटचा आहे. उत्तरेस सरकत गेलेला भारत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला. त्या रेट्याने हिमालय व तिबेटचे पठार उंचावले. उत्तरेची थंड, कोरडी हवा अडली आणि समुद्रावरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांस बळ मिळाले. आपली भाताची खाचरे त्याच वाऱ्यांवर भरतात. इकडे अंटार्क्टिका दक्षिण ध्रुवावर एकाकी पडली. तिच्याभोवती शीत प्रवाह फिरू लागले, हवेतील कर्बवायूही घटला, आणि सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी तिच्यावर बर्फाचे मोठे थर साचले.

कर्बवायू घटण्यास पाऊसही कारण होतो. तो हा वायू विरघळवून खाली आणतो व खडक झिजवितो. नद्या ते द्रव्य समुद्रास नेतात आणि तेथे त्याची चुनखडी बनते. हे काम लाखो वर्षे चालते. उलट, कोळसा व तेल जाळून मनुष्याने अवघ्या दोन-अडीच शतकांत हवेच्या दर १० लाख भागांतील कर्बवायू २८० वरून ४२० च्या वर नेला आहे. डोंगर आणि नद्या तो परत घेतील खऱ्या, पण आपल्या नातवंडांच्या हयातीत नव्हे. म्हणून मृगाच्या सरींकडे डोळे लावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ह्या हिशेबाकडे लक्ष द्यावे.