शहापूर ते मुरबाड : भिंतीवरचे फलक वाचताना

कसाऱ्याकडे जाणारी लोकल वाशिंद सोडून पुढे आली की माहुलीचे सुळके दिसू लागतात आणि आसनगाव येते. शहापूरचे रेल्वे स्टेशन हेच. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, तरी उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. हा विरोधाभास आपल्या वाचकांना नवा नाही. या वेळी मात्र आम्ही वेगळ्याच गोष्टीसाठी निघालो होतो. मुलांना परिसर वाचायला शिकवायचा, तर आधी आपण तो वाचावा, असे ठरवून आम्ही शाळेतील तिघे शिक्षक आसनगाव ते मुरबाड वाटेत दिसेल तो सूचना फलक वाचत गेलो.

आसनगाव-वाशिंद पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इमारतींची रांगच लागली आहे. मुंब्रा, कुर्ला, भिवंडीच्या दाटीतून बाहेर पडून स्वतःचे घर घेतलेली बरीच कुटुंबे इथे राहतात. अशाच एका वसाहतीत जिन्याखाली काचेची पेटी आहे, तिला कुलूप आहे आणि भांडण सुरू झाले ते त्या कुलपावरूनच. एका सभासदाने टँकरच्या खर्चाचा हिशेब मागणारा कागद पेटीशेजारी चिकटवला. संध्याकाळपर्यंत तो कोणीतरी फाडला. पेटीच्या आत मात्र देखभाल खर्च थकवणाऱ्यांची यादी, नाव आणि खोली क्रमांकासह, कितीतरी आठवडे लटकत राहिली. यादीत एका विधवा भगिनीचे नाव होते. तिची शाळकरी मुलगी मैत्रिणींबरोबर घरी येईनाशी झाली. सगळ्या वर गेल्या की मग ती एकटी जिना चढू लागली.

समितीची बाजूही आम्ही ऐकली. "सर, टँकरवाला रोख पैसे मागतो. चार घरांनी थकवले की चाळीस घरांचे नळ कोरडे," असे सचिव म्हणाले. ते खोटे नाही. पण थकबाकी वसूल करायला कायद्याने वाट दिली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ब-२९ प्रमाणे निबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो. शिवाय कर्जदार खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. करोनाच्या काळात रुग्णांच्या दारावर कागद चिकटवले जात होते. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय असे कागद लावू नयेत. थकबाकी आणि आजार या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे, पण दारावरचा कागद शेजाऱ्यांच्या नजरेत काय करतो, ते त्या दिवसांत सर्वांनी पाहिले.

त्या वसाहतीने अखेर मार्ग काढला. पेटीचा डावा भाग समितीचा आणि उजवा सभासदांचा. उजव्या भागातील कागदावर तारीख, खोली क्रमांक आणि सही हवी. पंधरा दिवसांनी तो काढायचा. हिशेब दर महिन्याला लावायचा. थकबाकीची सूचना बंद पाकिटातून घरी द्यायची. किल्ली मात्र एकाऐवजी दोघांकडे.

शहापूर गावात मशिदीच्या दारातला काळा फळा आम्हाला आवडला. नमाजच्या वेळा, कोणाच्या जनाज्याची खबर, जमातीच्या बैठकीची तारीख एवढेच त्यावर होते, उर्दूत आणि मराठीत. चंद्याचा हिशेब होता, पण न देणाऱ्यांची नावे नव्हती. मराठी कशासाठी, असे विचारल्यावर तिथले एक चाचा म्हणाले, "मुलं मराठी शाळेत जातात. त्यांनी वाचलं तर घरात खबर पोचते." एवढी साधी गोष्ट अनेक शिकलेल्या समित्यांच्या लक्षात येत नाही.

सापगावचा पूल ओलांडून भातसा मागे पडली की किन्हवलीच्या बाजूला भातशेती सुरू होते. इथे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फलक महत्त्वाचा. ग्रामसभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यायची असते आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. एका गावात ती सूचना पावसाने धुऊन गेलेली दिसली. ओट्यावर बसलेले आजोबा हसून म्हणाले, "गुरुजी, दवंडी होती तेव्हा आंधळ्यालाही कळायचं. आता डोळसालाही कळत नाही."

सर्वांत जास्त नुकसान होते ते फेरफाराच्या नोटिशीत. जमिनीच्या नोंदीत बदल करायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, नोंदीची प्रत चावडीत लावायची असते आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचे असते. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो याच शहापूर तालुक्यातून जातो. अशा भागात सातबाऱ्यावरचे एक नाव म्हणजे लाखमोलाची गोष्ट. वडिलांच्या पश्चात वारस नोंद करताना भावांची नावे लागतात आणि मुरबाडला किंवा कल्याणला सासरी असलेली बहीण राहून जाते. तिच्या हाती कागद पोचला नाही, तर शहापूरच्या चावडीतला कागद ती कधी वाचणार? शरीअतने तिला दिलेला हिस्सा असा एका न वाचलेल्या कागदामागे दडून राहतो.

यावर एक सोपा उपाय आहे. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाचा डिजिटल सूचना फलक आहे. जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की त्या गावातील फेरफाराच्या नोटिसा दिसतात. आपल्या घरातील दहावीतली मुलगीही ते मोबाइलवर पाहू शकते. महिन्यातून दोनदा पाहावे. पंधरा दिवसांची मुदत हुकत नाही.

सरळगावचा बाजार मागे टाकून मुरबाडला पोचेपर्यंत अंधार पडू लागला होता. एसटी स्थानकाच्या भिंतीवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे कागद इतके दाट चिकटले होते की गाड्यांचे वेळापत्रक झाकले गेले होते. एक म्हातारी तोकावड्याची गाडी गेली का, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. आम्ही वरचा एक कागद बाजूला केला, वेळ वाचून तिला सांगितली. शेवटची गाडी अजून यायची होती.