घरघर

मराठीत 'घरघर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जाते फिरू लागले की होते ती घरघर, आणि अखेरचा श्वास अडखळू लागला की लागते तीही घरघर. एखाद्या संस्थेला, चालीरीतीला, क्वचित एखाद्या बोलीलाही घरघर लागल्याचे आपण म्हणतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मॅटाडोर गाडीतील ध्वनियंत्रणा बदलण्याचे आम्ही मनावर घेतले, तेव्हा या दोन्ही अर्थांशी आमची गाठ पडेल असे वाटले नव्हते.

गाडी बजाज टेंपो कंपनीची. कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस, मूळ घडण जर्मनीतील हँबुर्गची. २००५ साली कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले, पण आमच्या गाडीच्या कपाळावरची जुनी अक्षरे तशीच आहेत. वडिलांच्या काळी तिच्यातून भजनी मंडळाची पेटी, पखवाज आणि टाळ गावोगावी जात. वडिलांच्या पश्चात आम्ही मागची आसने काढून दोन निजण्याच्या फळ्या, शेगडीपुरती जागा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. हल्ली अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. म्हापसेकरांना हा प्रकार नवा नाही. १९७०च्या दशकात युरोपातून खुष्कीच्या मार्गाने निघालेली मंडळी अशाच चाकांवरच्या बिऱ्हाडांतून हणजूण-कळंगुटला उतरत आणि शुक्रवारी आपल्या बाजारात केळी-भाजी घेताना दिसत. १९७९ साली इराण आणि अफगाणिस्तानातील उलथापालथीने तो रस्ता बंद झाला. आणि आपले दशावतारी तरी काय करतात? पेटारा उचलून एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला जाणे, हेच त्यांचे हंगामभराचे आयुष्य.

या गाडीत एक कॅसेट वाजत आली आहे. १९८३ साली वडिलांनी पेडण्याच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या. आजीच्या आवाजाचा तेवढाच ठेवा आमच्याकडे उरला आहे. आमची आत्या, आजीची धाकटी लेक, आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. घरी ती ही कॅसेट कधी ऐकत नाही, मात्र गाडी कोलवाळचा पूल ओलांडून धारगळच्या दिशेने लागली की म्हणते, "आईचे लावा." गेल्या वर्षी तिने तसे म्हटले, आम्ही कॅसेट लावली, आणि थोड्या वेळाने ती शांतपणे म्हणाली, "बंद करा. काही समजत नाही. आईचा आवाज कसा होता, तेच आठवेनासे झाले आहे मला." त्यानंतर हे काम पुढे ढकलणे शक्य नव्हते.

दुकानांतून चौकशी केली तेव्हा खोक्यांवर हजारो वॅटचे आकडे दिसले. हे आकडे 'पीएमपीओ' नावाच्या मापाचे. क्षणभर जेमतेम गाठता येईल अशा शक्तीचा तो उल्लेख असतो. सातत्याने मिळणारी शक्ती त्याच्या अल्पांश असते. शिवाय शक्ती दुप्पट केली म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटण्यासाठी ती सुमारे दहापट करावी लागते. आमच्या ओळखीच्या वृद्ध इलेक्ट्रिशियनने गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर बोटांनी टिचक्या मारल्या आणि सारे शास्त्र एका वाक्यात सांगितले: "पात्रांव, आदीं गाडी वगी करूया, मागीर गाणें." आधी गाडी गप्प करू, मग गाणे.

मॅटाडोर गप्प करणे सोपे नव्हे. तिचे इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, एका झाकणाखाली असते. कोणतेही गाणे लावा, डिझेलचा पखवाज साथीला ठरलेलाच. आठ दिवस आतील अस्तर उघडून गाडी उभी राहिली. पत्रा जेथे डब्यासारखा वाजे तेथे डांबरी थराचे चिकट तक्ते बसवले. इंजिनाच्या झाकणाला आतून उष्णता सोसणारे जाड अस्तर दिले. दारांच्या विरलेल्या रबरी पट्ट्या बदलल्या. शेगडीजवळची ताटे-वाट्या कापडाच्या पिशव्यांत गेल्या. एवढे झाल्यावर, एकही नवे यंत्र न बसवता, जुन्याच स्पीकरांतून पूर्वी न ऐकलेले शब्द कानी येऊ लागले.

स्पीकरांचेही तसेच. त्यांचा कागदी पडदा पुढे जसा हवा ढकलतो तशीच मागेही ढकलतो. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खालचे स्वर परस्पर विरतात. म्हणून स्पीकर नुसत्या पोकळ दारात न ठोकता घट्ट लाकडी कड्यावर बसवून मागची बाजू वेगळी करावी लागते. जुने स्पीकर पायाच्या घोट्याशी होते, नवे आत्याच्या खांद्याच्या उंचीवर आले. उतारवयात कान आधी वरचे स्वर गमावतो. क, त, स यांसारख्या व्यंजनांची धार त्याच पट्ट्यात असते. म्हणूनच म्हातारी माणसे "आवाज येतो, पण शब्द समजत नाही" असे म्हणतात. त्यांच्यापुढे ओरडून उपयोग नसतो. बोलणे त्यांच्याजवळ आणि स्वच्छ पोहोचावे लागते.

विजेच्या जोडणीत एक चिवट दोष निघाला. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरांतून बारीक शिट्टी येई आणि वेगाबरोबर चढत जाई. ही शिट्टी गाडीतील विद्युतजनित्राची असते आणि बहुधा अर्थिंगच्या वाटेने शिरते. ध्वनिवर्धकाची तार थेट बॅटरीपासून, बॅटरीलगत फ्यूज घालून आणली. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्र्यावर एकच बिंदू निवडला, आणि ध्वनीच्या तारा विजेच्या तारांपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या अंगाने नेल्या. शिट्टी थांबली. मुक्कामात ऐकण्यासाठी वेगळी बॅटरी बसवली, म्हणजे रात्री गाणे ऐकून सकाळी गाडी ढकलावी लागत नाही.

कॅसेटवाजवे यंत्र काढून टाकावे, असे घरातील तरुणांचे मत होते. आम्ही ते राहू दिले. या बाबतीत आम्हांला आधार वाटला तो केसरबाई केरकरांचा. फोंडा महालातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेची भैरवीतील साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ने पृथ्वी सोडली आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी जग सोडले. वाहनात संगीताची सोय करण्याचा याहून दूरचा प्रयोग झालेला नाही. त्यातील एक तपशील आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो: सोनेरी तबकडीबरोबर ती वाजवण्याची सुईही पाठवली आहे. वाजवणारे साधन हरवले की जपून ठेवलेला आवाज मुका होतो. आमच्या यंत्राचा सैल रबरी पट्टा बदलला, डोके स्पिरिटने पुसून फितीशी नीट जुळवले, आणि आजीचा लोंबकळणारा स्वर ताठ उभा राहिला.

मग कॅसेटची संगणकावर प्रत काढली. ती काढणाऱ्या तरुणाने कौतुकाने दोन प्रती दिल्या, एक जशीच्या तशी आणि दुसरी 'स्वच्छ'. दुसरीत त्याने मागची घरघर पूर्ण काढून टाकली होती. आजी एखाद्या बंद स्टुडिओत एकटी उभी राहून गात असावी तशी वाटत होती. आम्हांला ती प्रत प्रथम ऐकताना आवडली, शब्द न् शब्द कळत होता. पेडण्याच्या वाटेवर आत्याला तीच ऐकवली. तिने डोळे मिटून तीन-चार ओव्या ऐकल्या. शब्द तिला कळत होते, ओठ हलत होते. मग तिने विचारले, "आई एकटी कशी?"

आम्हांला प्रश्न समजला नाही. तेव्हा तिने सांगितले की त्या दिवशी ती माहेरी आली होती आणि जाते दोघींनी मिळून ओढले होते. गायली आजी, पण खुंट्यावर दुसरा हात आत्याचा होता. वडिलांनी हे कधी सांगितले नव्हते, आणि चाळीस वर्षे आम्ही त्या कॅसेटवर एकाच व्यक्तीला ऐकत आलो होतो. लगेच जशीच्या तशी प्रत लावली. जाते फिरू लागले. ओवीच्या मध्येच आजी का थांबते, हे आता कळले. फेरा जड झाला की ती श्वास घेते, आणि त्या क्षणी जाते थांबत नाही, कारण दुसरा हात ते ओढत असतो. आत्याचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरू लागला.

गाडीची घरघर आम्ही पैसे खर्चून घालवली, आणि जात्याची घरघर हट्टाने ठेवली. ध्वनिशास्त्राच्या लेखी दोन्ही नकोसे आवाज. कोणता आवाज नकोसा हे यंत्राला ठरवता येत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही ते ठरवता आले नसते. ज्या माणसाला ते ठाऊक होते, ते अजून हयात होते आणि गाडीत बसलेले होते, एवढेच आमचे भाग्य.

पेडणे, डिचोली, सत्तरीतून म्हापशास येऊन पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांतून अशा कॅसेटी नक्कीच आहेत: कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या आजोबांच्या कीर्तनाच्या, कुणाच्या घरच्या भजनाच्या. आपल्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते आणि रबरी पट्टे वितळून चिकट होतात. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की त्या काढाव्यात, प्रत करून घ्यावी, मूळ फीत टाकू नये. आणि कुणी मागचे आवाज पुसून देतो म्हणाले, तर आधी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला शेजारी बसवून एकदा ऐकवावे. आत्याने ऐकलेल्या प्रतीवर आता आम्ही दोघींची नावे लिहिली आहेत.