पणजोबांचे घड्याळ

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पडली. कोणी पलटणीत भरती झाले, कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले. गावी परतणाऱ्या एखाद्याच्या मनगटावर घड्याळ असले, म्हणजे साऱ्या आळीला त्याचे कौतुक वाटे.

समजा, पोलादपूर तालुक्यातील कापडे गावी एका घरात असे एक घड्याळ आहे. आजी नातवाला सांगते, “माझे मामंजी, म्हणजे तुझे पणजोबा, मेसोपोटेमियाच्या लढाईतून १९१७ साली हे घेऊन आले.” नातवाला केवढा अभिमान वाटत असेल! परंतु घड्याळाचीही साक्ष घ्यावयास हवी.

तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ आणि ‘सोवार प्रायमा’ ही नावे इंग्रजी अक्षरांत आहेत. ही घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये तयार होत आणि मुंबई-कलकत्त्यास विकली जात. ‘सोवार’ म्हणजे आपला ‘स्वार’च! हिंदी सैनिकांत त्यांना मोठा मान होता. येथवर आजीचे म्हणणे पटते.

पण नुसत्या नावावर भिस्त ठेवून चालत नाही. जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा धंदा आपल्याकडे इतका फोफावला, की परदेशांतील शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले. ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. म्हणून भिंगातून पाहावे. अक्षरे फुगीर व वाकडी आहेत काय? सहाच्या आकड्याखालील ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे पुसली गेली आहेत काय? कवच झिजलेले आणि तबकडी मात्र कोरी करकरीत असेल, तर संशय घ्यावा. या घड्याळाची तबकडी पिवळसर पडली आहे. तिचे डाग तिच्या बाजूने साक्ष देतात. (अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांत रेडियम असू शकते; तेव्हा काच काढण्याचा उद्योग मुलांनी करू नये.)

खरी परीक्षा पाठीमागचे झाकण उघडल्यावर होते. घड्याळजीने ते अलगद उघडले. आत चाकाच्या आसावर एक चिमुकली कमान होती आणि जवळच ‘इंकाब्लॉक’ हा शब्द कोरलेला होता. घड्याळ पडले तरी आस मोडू नये, यासाठी ही कमान असते. ती निघाली १९३० नंतरच्या दशकात. पहिले महायुद्ध तर १९१८ सालीच संपले होते!

घड्याळ अस्सल होते; त्याची कथा मात्र त्याची नव्हती.

झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने ओढलेल्या बारीक खुणा होत्या. दुरुस्ती केल्यावर कारागीर अशी खूण करून ठेवतात. एका खुणेपाशी १९६२ हा आकडा होता. आजीने तो नातवाकडून दोनदा वाचून घेतला.

“त्या वेळी हे गिरणीत होते,” ती हळूच म्हणाली. “पगारातून पैसे साठवून यांनीही एक घड्याळ घेतले होते खरे. मग मामंजींचे कुठे गेले?”

नातवाने घड्याळाबरोबर ठेवण्यासाठी एक चिठ्ठी लिहिली. तीत आजोबांचे नाव, गिरणीचे नाव आणि १९६२ हा आकडा घातला. पणजोबांच्या घड्याळासाठी खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या.