मोत्याची निगा आणि घरचा जमाखर्च

श्वान बाळगणे हा संस्थानिकांचा आणि साहेबलोकांचा षोक होय, अशी समजूत आपल्या पांढरपेशा कुटुंबांत पुष्कळ काळ होती. मुधोळच्या घोरपडे घराण्याने शिकारी कुत्र्यांची एक जातच जोपासली. परंतु जेथे महिन्याच्या वीस तारखेनंतर दुधाचा हिशेबही जपून करावा लागतो, तेथे कुत्रा कोणी बाळगावा? आता काळ पालटला आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही कुत्रा दिसतो, आणि त्याच्यामागोमाग त्याच्या केशकर्तनाची, स्नानाची, नखांची आणि अत्तराचीसुद्धा दुकाने आली आहेत. अशा एका दुकानात एका स्नानास दीड हजार रुपये सांगितले, तेव्हा आमचे थोरले बंधू क्षणभर स्तब्ध उभे राहिले व नंतर म्हणाले, “एवढ्यात आमच्या सगळ्या घराची अभ्यंगस्नाने होतील.” आमच्या घरात लहानथोर मिळून अकरा माणसे आहेत, हे वाचकांस सांगितले पाहिजे.

मोत्या हा आमचा बारावा. जातिवंतपणाचा कोणताही दाखला त्याच्यापाशी नाही. एका आषाढात आमच्या पुतण्याने त्याला गटाराच्या काठावरून उचलून आणले, एवढाच त्याचा कुलवृत्तान्त. त्याला ठेवून घेण्याविरुद्ध दोन हरकती निघाल्या. दादांची हरकत पैशाची होती. त्यांनी जमाखर्चाच्या वहीत एक निराळा रकाना आखला आणि डॉक्टर व लस वगळून महिना सहाशे रुपयांवर एक पैही जाता कामा नये, अशी अट घातली. मातोश्रींची हरकत सोवळ्याची होती, आणि ती अधिक अवघड होती. धाकट्या वहिनींनी धीर करून म्हटले, “आई, वैश्वदेवानंतर कुत्र्याचा घास बाहेर ठेवतातच ना? आणि आपल्या दत्ताच्या तसबिरीत तर चार कुत्री आहेत.” त्यावर मातोश्री शांतपणे म्हणाल्या, “तसबिरीतली कुत्री केस गाळीत नाहीत हो, सूनबाई.”

आमच्या मते सबंध वादाचे मर्म या एका वाक्यात होते. कुत्र्याचा धर्म कोणता, यावर घरात कधीच भांडण झाले नाही. भांडण झाले ते केसांवर. म्हणून केस घराबाहेर गळावेत, माजघरात नव्हे, या एका हेतूने आम्ही फणी हाती घेतली. रोज सकाळी मागल्या पडवीत दहा मिनिटे, ही आमची वहिवाट. आखूड केसांच्या कुत्र्याला रबरी दातांची साधी फणी पुरते. ती प्रथम उलट्या दिशेने हळुवार फिरवावी, म्हणजे सुटलेले केस वर येतात. मग केसांच्या वळणाने फिरवावी. आमच्या आत्याबाईंकडे पांढराशुभ्र स्पिट्झ आहे. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी याच जातीचा होता, आणि आत्याबाईंच्या घरी हे श्वान त्याच मोहाने आले. त्याला दुहेरी केस असतात: वर लांब आणि आत कापसासारखे दाट. तेथे लांब, विरळ दातांची धातूची फणी लागते, आणि कानामागे व मांड्यांवर होणाऱ्या गुठळ्या ओढून न काढता बोटांनी उकलाव्या लागतात. उन्हाळ्यात असल्या कुत्र्याचे केस वस्तऱ्याने साफ उतरवण्याची जी टूम निघाली आहे, ती मात्र आम्हांस पसंत नाही. तो केसांचा थर थंडीप्रमाणे उन्हापासूनही त्वचेचे रक्षण करतो, आणि एकदा उतरवला की पूर्ववत येईलच असे नाही.

स्नानाविषयी लोकांचा उत्साह गरजेपेक्षा अधिक असतो. आपण नित्य स्नान करतो, म्हणून कुत्र्यासही ते हवे, असा तर्क आमच्या घरीही झाला. वास्तविक, आखूड केसांच्या निरोगी कुत्र्यास तीन-चार आठवड्यांतून एकदा स्नान पुरते. त्याची त्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ असते, आणि आपल्या त्वचेइतकी आम्लधर्मी नसून उदासीनाकडे झुकणारी असते. त्यामुळे आपले साबण तिला मानवत नाहीत. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, आणि मग त्या खाजेवर मलमांचा खर्च सुरू होतो. कुत्र्यांसाठी केलेल्या साध्या, विनासुगंधी शाम्पूची एक बाटली आम्हांस अर्धे वर्ष जाते. कारण तो तांब्याभर पाण्यात कालवून मग अंगावर घालतो. स्नानापूर्वी केस विंचरावेत, कानात पाणी जाऊ देऊ नये, आणि फेस पूर्णपणे धुऊन काढावा, एवढी पथ्ये पुरेत. नरकचतुर्दशीस मुलांनी मोत्याला उटणे लावण्याचा घाट घातला होता, तो आम्ही वेळीच मोडला. जे अंगाला लावावे ते कुत्रा चाटणार, हे गृहीत धरून चालावे. कापूर, निलगिरीचे तेल, टी-ट्रीचे तेल ही घरगुती म्हणून निरुपद्रवी वाटणारी द्रव्ये कुत्र्याच्या पोटात गेली तर विष ठरतात.

नखे दर तीन-चार आठवड्यांनी किंचित कापावीत. पांढऱ्या नखात आतला गुलाबी जिवंत भाग दिसतो, काळ्यात दिसत नाही. म्हणून मोत्याची नखे आम्ही तांदळाएवढी कापतो आणि थांबतो. रक्त आलेच तर न्हाव्याची तुरटी क्षणभर दाबून धरावी. कान बाहेरून, डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने पुसावेत. काडी आत घालू नये. दातांना बोटाभोवती गुंडाळलेले ओले फडके चालते. आपली दंतमंजने आणि टूथपेस्ट मात्र नकोत, कारण ती थुंकून टाकण्यासाठी केलेली असतात आणि कुत्रा थुंकत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या गोष्टीकडे येतो. रोजच्या फणीचा खरा लाभ माजघरातील स्वच्छतेत नसून हातात आहे. रोज तोच देह हाताखालून गेला, म्हणजे काल नव्हते ते आज बोटांस लागते. मोत्या तीन वर्षांचा असताना, पावसाळा सरता सरता, वहिनींच्या बोटांना त्याच्या कानाच्या पाळीत तीन गोचिडी लागल्या. त्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढल्या आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या. गोचिडीवर रॉकेल ओतणे किंवा तिला उदबत्तीने चटका देणे हे आपल्याकडचे उपाय घातक आहेत. तिला नखाने चिरडूही नये. परंतु कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी हा सैन्याचा अल्पांश असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कुत्र्यांची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. मादी पोट भरले की गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारांनी अंडी घालते. म्हणून दादांनी स्वतः, वहीत न मांडता, सिमेंट आणून पडवीच्या भेगा बुजवल्या, आणि मोत्याचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाकण्याचा क्रम सुरू झाला. डॉक्टरांनी वजनानुसार मानेवर घालावयाचे औषध दिले. ज्या घरी मांजरही आहे, त्यांनी असले औषध विचारल्यावाचून मुळीच वापरू नये. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत असणारे परमेथ्रिन मांजराचा प्राण घेते.

पुढे तीन आठवड्यांनी मोत्याने सकाळच्या अन्नास तोंड लावले नाही. एवढ्याने कोणी घाबरले नसते. कुत्रीही कधी उपास करतात. पण वहिनींनी फणी फिरवताना पोटाखाली हात लावला, तो अंग तापलेले, आणि ओठ उलटून पाहिले, तो हिरड्या फिकट. पोटाच्या उघड्या त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके होते. दादांनी वही मिटली आणि रिक्षा आणली. रक्त तपासले, गोचिडीच्या दंशातून होणारा एर्लिकिओसिस नावाचा ताप निघाला. त्यात रक्त गोठविणाऱ्या पेशी घटतात आणि नाकातून रक्तस्राव होण्यापर्यंत मजल जाते. डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी अठ्ठावीस दिवस, खाण्याबरोबर, एकही दिवस न चुकवता द्यावयाची होती. चौथ्या दिवशी मोत्या हिंडू-फिरू लागला आणि पुतण्या म्हणाला, आता कशाला? परंतु अठ्ठावीस दिवस पुरे झाले. गोळ्यांचा हिशेब मातोश्रींनी कालनिर्णयावर खुणा करून ठेवला होता; तो आम्ही कोणी त्यांना सांगितला नव्हता.

काटकसर कोठे करावी, याविषयी आमचे मत येथे पक्के झाले. फणी, स्नान, अंथरूण, गळपट्टा यांत हवी तेवढी करावी. त्यांत पैशाऐवजी हात लागतात, आणि एकत्र कुटुंबात हातांना तोटा नाही. लस आणि डॉक्टर यांत करू नये. पिसाळण्याच्या रोगाची लस कुत्र्यास तीन महिन्यांच्या सुमारास, मग डॉक्टर सांगतील तेव्हा आणि त्यानंतर प्रतिवर्षी. ‘आमचा कुत्रा घराबाहेर जात नाही’ हे उत्तर आम्ही सुशिक्षित घरांतून ऐकले आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस काय, कुत्रा काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. पाश्चरने १८८५ साली लस प्रथम माणसास टोचली. आमच्या आजोबांच्या पिढीस पोटात चौदा टोचण्या घ्याव्या लागत. आता दंडात थोड्या टोचण्यांवर काम भागते, तरी चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हे मुलांसही पाठ असावे.

तापानंतर डॉक्टरांनी रोज एक उकडलेले अंडे सांगितले, आणि घरात खरा पेच पडला. कुत्रा लांडग्याच्या वंशातला खरा, पण माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे राहून तो भात पचवू लागला. पिष्ट पचविणारे जनुक त्याच्यात लांडग्यापेक्षा अनेक पटींनी असते, हे २०१३ साली सिद्ध झाले. आमचे बिनकांद्याचे, बिनलसणाचे साधे वरण त्यास उत्तम मानवते, कारण कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नासवतात. चातुर्मासात आमचे स्वयंपाकघर त्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक! उलट सत्यनारायणाच्या शिऱ्यातील बेदाणे त्याच्या मूत्रपिंडास घातक होऊ शकतात. तेव्हा प्रसाद देणाऱ्या पाहुण्यांवर मुलांचा पहारा असतो. परंतु नुसत्या वरणभातात आजारी कुत्र्याचे भागत नाही, हेही खरे. या घरात तीन पिढ्यांत अंडे आले नव्हते.

दोन दिवस कोणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मातोश्रींनी माळ्यावरून जुनी वातीची शेगडी आणि एक चेपलेले पातेले काढावयास लावले. “पडवीत उकडा. पातेले पडवीतच घासा, पडवीतच ठेवा. आणि ज्याने हात लावला त्याने आंघोळ करून घरात यावे.” एवढे बोलून त्या पोथीकडे वळल्या. तेव्हापासून अंडे उकडण्याचे काम पुतण्याकडे आहे, आणि तो दिवसातून दोनदा स्नान करू लागला, हा त्याच्या आईला अनपेक्षित लाभ झाला.

पावसाळ्यात मोत्याचे पाय प्रत्येक फेरीनंतर बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावे लागतात. ओल राहिली की तेथे बुरशी धरते. बाजारी पंचे पाणी नीट टिपत नाहीत. जुनेराइतके मऊ व पाणी पिणारे फडके दुसरे नाही, आणि आमच्या घरी जुनेरे असतात ती मातोश्रींच्या नऊवारी लुगड्यांची. यंदा मृगाच्या आदल्या दिवशी पडवीच्या खुंटीवर चार फडकी व्यवस्थित फाडून, कडा दुमडून, शिवून टांगलेली आढळली. दादांनी वहीतल्या रकान्यात त्यांची किंमत शून्य मांडली आहे.