गरम खिचडी आणि नातीचा 'र'

नांदेडच्या गाडीला वेळ होता, म्हणून वारंगा फाट्यावर खिचडी खायला बसलो. नात 'गरम'ला 'गलम' म्हणाली, तसे आजूबाजूचे सगळे कौतुकानं तिच्यासारखंच बोलू लागले. मला हे पटत नाही. लेकराला टोकू नये, हसूही नये. आपण मात्र 'हो, खिचडी गरम आहे' असं स्वच्छ, सावकाश म्हणावं. कानावर पडेल तेच जिभेवर येतं. 'र' उशिराच येतो, त्याची घाई नको. पण दोन वर्षांचं लेकरू दोन शब्द जोडत नसेल, तर 'बापही उशिराच बोलला' म्हणत बसू नका. आधी कान तपासून घ्या. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, तपासणी मोफत असते. अंगणवाडीताईंना विचारा.